बिरुद आणि त्याचें ऋण



गेल्या महिन्यांत एका रविवारीं दुपारीं आमच्या घरीं मोठा वाद माजला. वाद करणारे दोघे म्हणजे माझा पुतण्या आणि त्याचा एक मित्र. दोघेही चाळिशी गांठलेले, चांगल्या हुद्यांवर असलेले संसारी गृहस्थ. परंतु त्यांचे चढलेले आवाज ऐकून शेजारच्या बाई दारांत येऊन उभ्या राहिल्या. वादाचा विषय काय, तर ‘किस’ नांवाच्या अमेरिकन रॉक बँडला रंगमंचावर पाचारण करतांना त्यांचा निवेदक जी आरोळी देत असे, तींत ‘देशांतील’ हा शब्द होता कीं ‘जगांतील’. शेवटीं दोघेही माझ्यापुढें येऊन उभे राहिले. “काका, तुम्ही जन्मभर व्याकरण शिकविलेंत, तेव्हां निकाल तुम्हीच द्या.”

या संगीताचें माझें ज्ञान बेताचेंच होतें. पण निकाल द्यावयाचा म्हणजे पुरावा पाहिला पाहिजे. मीं त्यांना त्या ध्वनिमुद्रिका लावावयास सांगितल्या, आणि नंतरचे कांहीं दिवस मिळेल तें वाचून काढलें. त्या वाचनांतून जें हातीं लागलें, तेंच आज आपल्यापुढें ठेवावयाचें आहे.

प्रथम निकाल सांगतों. दोघेही बरोबर होते. न्यूयॉर्क शहरांत १९७३ सालीं स्थापन झालेल्या या बँडच्या पहिल्या तीन ध्वनिमुद्रिकांना फारसें गिऱ्हाईक लाभलें नव्हतें. १९७५ सालच्या सप्टेंबर महिन्यांत ‘अलाइव्ह’ ही मुद्रिका निघाली. ती जलशांतील गाण्यांची होती, आणि तिनेंच त्यांचें दैव उघडलें. तिच्या आरंभीं जे. आर. स्मॉलिंग नांवाचा त्यांचा मंच-व्यवस्थापक गर्जून सांगतो कीं, तुम्हांला उत्तम तें हवें होतें, तें तुम्हांला मिळालें आहे. हा पाहा ‘देशांतील’ सर्वांत धगधगता बँड. पुढें १९७७ सालीं ‘अलाइव्ह टू’ ही मुद्रिका आली. तींत ‘देशांतील’ या शब्दाच्या जागीं ‘जगांतील’ हा शब्द आला आणि तोच रूढ झाला. माझ्या पुतण्यानें लहानपणीं पहिली मुद्रिका ऐकली होती, त्याच्या मित्रानें दुसरी. जें कानावर प्रथम पडलें तेंच प्रत्येकानें प्रमाण मानलें होतें.

माझें स्वतःचें मत विचाराल तर पहिला पाठच सरस आहे. इंग्रजींत ‘बँड’ आणि ‘लँड’ यांचें यमक जुळतें. घोषणेला एक ठेका येतो आणि ती जिभेवर खेळते. ‘वर्ल्ड’ म्हटल्याबरोबर राज्याचा विस्तार होतो खरा, पण यमक हातचें जातें. दिग्विजयाच्या हौसेनें घरचें धन गमवावें, तसाच हा प्रकार झाला.

परंतु दोन शहाण्या माणसांनीं एका शब्दासाठीं इतकें इरेस पेटावें, हें मला कोडेंच होतें. त्याचें उत्तर मला त्याच बँडच्या चाहत्यांच्या इतिहासांत सांपडलें. १९७५ सालीं इंडियाना राज्यांतील टेर हॉट या गांवच्या कांहीं तरुणांनीं तेथील नभोवाणी केंद्राकडे ‘किस’चीं गाणीं लावा म्हणून धोशा धरला. केंद्र दाद देईना, तेव्हां त्यांनीं आपल्या जथ्याला ‘किस’ची सेना असें नांव घेतलें आणि केंद्राला जेरीस आणलें. पुढें हेंच नांव बँडनें आपल्या सर्व चाहत्यांसाठीं उचललें. म्हणजे बिरुद मिरविणारा केवळ रंगमंचावरचा कलावंत नसतो. अंधारांत उभा असलेला श्रोताही त्यांतला आपला वांटा उचलतो. बँड देशांतला म्हटला तर मी देशांतल्या सेनेचा शिपाई, जगांतला म्हटला तर जगांतल्या सेनेचा. शब्द बदलला कीं शिपायाचा दर्जा बदलतो. मग आवाज चढावयाचेच.

आपल्याकडे दरबारांत राजाच्या पुढें भालदार-चोपदार ललकारी देत चालत. राजा स्वतः आपली बिरुदें उच्चारीत नसे, तें काम दुसऱ्याचें. रॉक संगीताच्या जलशांतही हाच शिष्टाचार आहे. परंतु बिरुदाबिरुदांत फरक असतो. २४ ऑक्टोबर १९६२ रोजीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील अपोलो नाट्यगृहांत जेम्स ब्राउन या कृष्णवर्णीय गायकाचा जलसा ध्वनिमुद्रित झाला. फॅट्स गॉन्डर नांवाच्या वादकानें त्याची ओळख करून दिली. तो गायकाच्या लोकप्रिय गीतांचीं नांवें एकामागून एक घेतो, प्रत्येक नांवानंतर वाद्यें एक एक पायरी वर चढतात, आणि त्यांतच या व्यवसायांतील ‘सर्वांत कष्टाळू माणूस’ हें ब्राउनचें बिरुद येतें. या बिरुदाची परीक्षा घेतां येते. पुढच्या अर्ध्या तासांत त्या माणसाचा घाम निथळला कीं नाहीं, हें श्रोत्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहावें. ‘सर्वश्रेष्ठ’ या शब्दाची परीक्षा कशी घ्यावयाची?

तो शब्द ज्यांच्या माथीं बसला, त्या ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्लिश बँडची हकीकत मला सर्वांत उद्बोधक वाटली. १९६२ सालीं लंडनमध्यें हा बँड उभा राहिला. त्यांचें नांव मडी वॉटर्स या थोर ब्लूज गायकाच्या एका गीतावरून घेतलेलें आहे. १९६९ च्या जून महिन्यांत त्यांनीं ब्रायन जोन्स या आपल्या आद्य सभासदाला बँडमधून दूर केलें आणि त्याच्या जागीं मिक टेलर हा तरुण गिटारवादक घेतला. ३ जुलै रोजीं जोन्स मरण पावला. दोनच दिवसांनीं, ५ जुलै रोजीं, लंडनच्या हाइड पार्कमध्यें लाखोंच्या समुदायापुढें त्यांचा विनामूल्य जलसा झाला. निवेदन करणाऱ्या सॅम कट्लरनें लोकांस सांगितलें कीं, जगांतील सर्वश्रेष्ठ रॉक अँड रोल बँडचें स्वागत करा.

आतां ही घोषणा कोणत्या क्षणीं झाली हें लक्षांत घ्या. बँडला रंगमंचावरील सराव फारसा उरला नव्हता, नवा गिटारवादक प्रथमच लोकांपुढें उभा होता, आणि जुन्या सोबत्याचा दुखवटा चालू होता. त्या दिवशींचें वादन विस्कळित आणि बेसूर झालें, असें जाणकारांनीं पुढें मोकळेपणानें म्हटलें आहे. म्हणजे ज्या दिवशीं बिरुद मिळालें, त्या दिवशीं तें खरें नव्हतें. तें उधारीवर दिलेलें होतें.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हा बँड तीन वर्षांच्या खंडानंतर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. कट्लर दौऱ्याचा व्यवस्थापक होता, आणि तो तीच घोषणा गांवोगांव करूं लागला. त्यानें पुढें आपल्या आठवणींत सांगितलें आहे कीं, मुख्य गायक मिक जॅगर यानें आपल्याला असें म्हणूं नकोस असें बजावलें; तेव्हां कट्लरनें शिवराळ भाषेंत उत्तर केलें कीं, तुम्ही एक तर तसे आहां किंवा नाहीं, काय तें ठरवा. जॅगरनें नंतरही या बिरुदाला मूर्खपणाचें ठरविलें आणि त्यांत सर्कशीच्या जाहिरातीचा वास येतो असें म्हटलें. त्याचा सोबती कीथ रिचर्ड्स याचें म्हणणें असें कीं, कोणत्याही एका रात्रीं जगांतला सर्वश्रेष्ठ बँड कोणी निराळाच असतो. मला हें वाक्य एखाद्या जुन्या गवयाच्या तोंडीं शोभेल असें वाटतें.

पण उधारी फेडली गेली. २७ आणि २८ नोव्हेंबर १९६९ रोजीं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें झालेल्या जलशांची मुद्रिका १९७० च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीं कट्लरच्या निरनिराळ्या वेळच्या घोषणा सांधून एकत्र केलेल्या आहेत आणि लगेच गिटारचा आघात होतो. जे ऐकतात ते म्हणतात, या मुद्रिकेंत तरी तो माणूस खोटें बोलत नव्हता. विरोधक म्हणतात, बीटल्सनीं २९ ऑगस्ट १९६६ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील जलशानंतर दौरे सोडले होते, म्हणून मैदान रिकामें सांपडलें. त्यावर पहिले म्हणतात, ‘द हू’ आणि ‘लेड झेपेलिन’ मैदानांत होतेच कीं. हा वाद पन्नासांहून अधिक वर्षें चालू आहे. २००३ सालच्या एप्रिलांत हे ‘स्टोन्स’ मुंबईस ब्रेबर्न स्टेडियमवर येऊन गेले, तेव्हां आमच्या पुतण्याच्या पिढीला तें बिरुद पाठच होतें.

ही कथा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें संपली असती तर बरें झालें असतें. परंतु त्यानंतर आठच दिवसांनीं, ६ डिसेंबर १९६९ रोजीं, कॅलिफोर्नियांतील अल्टामाँट येथील मोटार-शर्यतींच्या मैदानावर विनामूल्य जलसा झाला. सुमारें तीन लक्ष लोक जमले होते. मंच फारच ठेंगणा. मंचाच्या रक्षणासाठीं ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकलस्वारांच्या टोळीला उभें केलें होतें. दिवसभर मारामाऱ्या झाल्या, आणि बँड वाजवीत असतांनाच मंचासमोर एका अठरा वर्षांच्या तरुणाचा भोंसकून बळी गेला. ज्या कट्लरनें महिनाभर गर्जना केल्या, त्यालाच त्या दिवशीं ध्वनिक्षेपकावरून लोकांना मागें सरा म्हणून विनवावें लागलें. कोणी ऐकेना. बिरुद सांगण्यास जो आवाज पुरेसा होता, तो एका जिवाला वांचविण्यास पुरेसा पडला नाहीं. ‘सर्वश्रेष्ठ’ हें नांव लावून लाखो माणसें गोळा करावीं, तर त्यांच्या सुरक्षिततेचें ओझेंही त्या नांवाबरोबरच येतें. त्याचा हिशोब अगोदर कोणीं केला नव्हता.

बिरुद देणाऱ्याच्या जबाबदारीविषयीं मी इतक्या आग्रहानें कां बोलतों, तेंही सांगावयास हवें. मी शिक्षक असतांना माझ्या वर्गांत एक मुलगा होता. फळ्यावरचें उतरून घेण्यास त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागे. एके दिवशीं घंटा होऊन गेली तरी तो लिहीतच होता. मी सहज म्हणालों, “झालें का, गोगलगाय महाराज?” वर्ग हंसला आणि मीही हंसलों. पुढें पंचवीस वर्षांनीं एका लग्नांत तो भेटला. आतां तो घरांचे नकाशे काढीत असे, आणि त्याची रेघ कधीं चुकत नाहीं असा त्याचा लौकिक होता. त्याच्या बाळपणच्या मित्रानें मोठ्यानें ओळख करून दिली, “सर, ही आपली गोगलगाय!” तो हंसला. त्याची पत्नी हंसली नाहीं. मीं त्याला बाजूस घेऊन क्षमा मागितली, तेव्हां तो म्हणाला, “सर, मला वाटलें होतें तुम्ही विसरलां असाल.” खरें सांगावयाचें तर मी विसरलोंच होतों. लक्षांत त्याच्या राहिलें होतें.

वर्गांतला चौथरा काय आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा मंच काय, उंचावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून निघालेला शब्द खालीं बसलेल्यांना अधिक खरा वाटतो. देणारा घरीं जातो. घेणाऱ्याला तो शब्द जन्मभर वागवावा लागतो. स्तुतीचा असला तरी वागवावा लागतो, हें जॅगरच्या तक्रारीवरून दिसतें. म्हणून कोणाची ओळख करून देण्याचा प्रसंग आला, तर त्याचें नांव सांगावें, काम सांगावें, फॅट्स गॉन्डरप्रमाणें दाखवितां येईल तेवढें सांगावें, आणि बाजूस व्हावें. श्रेष्ठ कोण, हें ऐकणाऱ्यांनीं त्या रात्रीपुरतें ठरवावें.

माझ्या दोघां पक्षकारांनीं निकाल मान्य केला नाहीं, हेंही नमूद करतों. जातांना जिन्यांतून त्यांचे आवाज ऐकूं येत होते. आतां वाद मूळ घोषणा कोणती आणि सुधारलेली कोणती असा होता. मला त्याचें वाईट वाटलें नाहीं. ज्या गोष्टीवर प्रेम असतें, तिचा शब्द न् शब्द माणसाला बरोबर हवा असतो.

आज माझी ओळख करून देतांना ‘निवृत्त शिक्षक’ एवढेंच सांगा, अशी विनंति मीं निवेदकांना केली होती. ती त्यांनीं मानली, याबद्दल त्यांचा आभारी आहें.