वर्गातील वेगळी जागा
(लातूर येथील पालकसभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे, ही हकीकत आपल्या घरातील लहान मूलही जाणते. ज्यांच्या वाडवडिलांनी असे वेगळेपण सोसले, त्या तुमच्यापुढे आज मी दुसऱ्या एका वेगळ्या जागेविषयी बोलणार आहे.

मी नांदेडला आठवीत असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे चालणे-बोलणे मुलींसारखे म्हणून सारा वर्ग त्यास ‘बायल्या’ म्हणे. गुरुजी हसत, मीही हसे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत परतला नाही. पुढे मी वकील झालो, परंतु त्या हसण्याचा जबाब माझ्याकडून कोणी घेतला नाही. तो आज मी आपण होऊन देत आहे.

काही मुलांच्या मनाची ओढ स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीकडे असते, तर काहींना जन्मतः ठरविलेले लिंग आपले वाटत नाही. हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. याविषयी बोलणेही असभ्य, असे कोणी म्हणेल. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा 1934 साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. कर्वे यांना 200 रुपये दंड झाला; परंतु लैंगिक विषयावरील लिखाण म्हणजे अश्लीलता, हे बाबासाहेबांनी मान्य केले नाही.

आता कायदा पाहा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलाच्या मानसिक छळास मनाई केली आहे. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या कायद्याने शाळेत भेदभाव करण्यास बंदी घातली. विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या 17 वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शाळा, शिकवणीवर्ग व वसतिगृहे यांना निर्देश दिले. जात, लिंग वा लैंगिक कल यांवरून होणाऱ्या छळाची तक्रार गुप्तपणे करण्याची सोय असावी. शंभर वा अधिक विद्यार्थी असतील तेथे प्रशिक्षित समुपदेशक असावा. शिक्षकांना अशा मुलांशी कसे वागावे याचे शिक्षण मिळावे. शिकवणीसाठी परगावची हजारो मुले जेथे खोल्या करून राहतात, त्या लातूर-नांदेडने हे निर्देश विशेष ध्यानात घेतले पाहिजेत.

परंतु कागदावरचा कायदा वर्गात आपोआप उतरत नाही. टोपणनाव पहिल्यांदा कानी पडताच शिक्षकाने ते थांबविले पाहिजे. मुलाला चाल बदल, आवाज बदल असे सांगू नये. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून वर्गात वा घरी फोडू नये. स्वच्छतागृहात जाण्याची ज्यास भीती वाटते, त्याच्यासाठी सुरक्षित सोय करावी.

आणि आपले काय? गेल्या वर्षी एक गृहस्थ माझ्याकडे आले. पोराचा दाखला काढून त्यास मामाकडे ठेवावे, असा त्यांचा विचार होता. मी म्हणालो, “दादा, दाखला काढू नका. अपराध त्याचा नाही.” मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या व त्याची पोच घ्या. अनुदानित व सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. तेथे हा प्रश्न मांडा. मूल संकटात असेल तर 1098 हा क्रमांक आहे.

याआधी मात्र एक काम घरातच करावयाचे आहे. मनुष्यमात्राची समता मानण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे, सम्यक वाचेचा मार्ग स्वीकारला आहे. मग ‘बायल्या’ हा शब्द आपल्या ओसरीवर, आपल्या मुलांच्या तोंडी, कसा चालेल? तुमच्याच घरातील एखादे मूल तो शब्द ऐकून गप्प बसत असेल. आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ बसा आणि त्याचे ऐकून घ्या.

जयभीम.