पाते कोणाचे, मूठ कोणाची?

(विजयादशमीच्या निमित्ताने शिरूर येथे, शिरूर व दौंड तालुक्यांतील उद्योजक आणि स्वयंसेवक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘संरक्षण सामग्री आणि खासगी उद्योग’ या विषयावर बोलण्यासाठी संयोजकांनी माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराला का बोलावले, हे त्यांनाच ठाऊक. समोर लेथवर आयुष्य घालविलेली माणसे बसली आहेत. यंत्रातले मला कळत नाही. परंतु पत्रकारितेत तीस वर्षे काढल्यावर करार वाचता येतो. तेव्हा आरंभ एका करारापासूनच करतो.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या रणात यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसरा बाजीराव पळत वसईला गेला. तेथे ३१ डिसेंबर रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. या तहान्वये सहा हजार पायदळ आणि त्यासोबतचा तोफखाना पेशव्यांच्या संरक्षणासाठी कायम राहणार होता आणि त्याच्या खर्चापोटी सव्वीस लाख रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा होता. या तैनाती फौजेची छावणी कोठे पडली? येथेच, शिरूरला, घोडनदीच्या काठी. आपण शाळेत हा तह ‘इंग्रजांशी’ झाला असे शिकलो. प्रत्यक्षात तो लंडनच्या भागधारकांना लाभांश वाटणाऱ्या एका व्यापारी कंपनीशी झाला होता. राज्याचे संरक्षण खासगी कंपनीकडून विकत घेण्याचा आपल्या इतिहासातील सर्वांत महागडा सौदा या गावच्या वेशीवर नांदला. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, पेशव्यांची फौज त्याच कंपनीविरुद्ध खडकीच्या मैदानात उभी राहिली आणि त्यानंतरच्या वर्षी राज्य बुडाले. पुढे त्याच खडकीत १८६९ साली इंग्रजांनी दारूगोळ्याचा कारखाना काढला, तो आजही चालू आहे.

यावरून कोणी म्हणेल की, पाहा, संरक्षणाच्या क्षेत्रात खासगी माणूस आला की घात झालाच! तसे मात्र नाही. मराठी फौजांना धान्य कोण पुरवीत असे? लमाणांचे तांडे. हजारो बैलांवर गोण्या लादून ते फौजेमागे चालत. ते व्यापारीच होते, नफाही घेत. सैन्याची रसद खासगी हातांनी येणे ही या भूमीत नवी गोष्ट नाही. बाजीरावाने धान्य विकत घेतले नव्हते. त्याने लढण्याची शक्तीच विकत घेतली होती, आणि तिची किल्ली विकणाऱ्याच्या खिशात राहिली होती.

दौंडकरांना कुरकुंभची फिरंगाई सांगायला नको. देवीच्या नावाच्या व्युत्पत्तीत मी शिरत नाही, तो संशोधकांचा प्रांत. पण ‘फिरंग’ म्हटले की मला मराठ्यांची ती लांब, सरळ पात्याची तलवार आठवते. तिचे पाते युरोपातून येई. पोर्तुगीज आणि इतर टोपीकरांकडून ते विकत घ्यायचे आणि येथल्या कारागिराने त्याला आपली मूठ बसवायची. तलवार देखणी होई आणि चालेही उत्तम, कारण मनगट आपले होते. परंतु पाते मोडले तर पुन्हा बंदराकडे डोळे लावून बसणे आले. स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या संरक्षण उत्पादनाचा इतिहास मला पुष्कळदा या फिरंगेसारखा वाटतो. मूठ सरकारी की खासगी, यावर आपण वर्षानुवर्षे भांडलो. पाते कोणाचे, हे मात्र फारसे विचारले नाही.

एप्रिल १९४८ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रास्त्रांची निर्मिती केवळ केंद्र सरकारच्या हाती ठेवली आणि १९५६ च्या ठरावाने ती चौकट पक्की केली. त्याहून आधीची एक गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली आणि विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला. परकीय सत्ता असताना एका खासगी उद्योजकाने विमान आणि जहाज या दोन्हींचे स्वप्न पाहिले! हे दोन्ही उद्योग पुढे सरकारकडे गेले. पण दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर मागे राहिले. साखर कारखान्यापासून सुरुवात केलेल्या त्या गावाने अरिहंत पाणबुडीसाठी गिअरबॉक्स घडविला. उसाच्या मळ्यांमधून अणुपाणबुडीपर्यंतचा हा रस्ता आपल्या इतक्या जवळून गेला आणि आपल्याला त्याची वार्ताही नव्हती.

सरकारी मक्तेदारीच्या काळात मोठी शस्त्रे आपण बाहेरूनच आणीत राहिलो. मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा करार झाला. वर्षभरात लाचखोरीचे आरोप बाहेर आले आणि देशाचे राजकारण ढवळून निघाले. त्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. मीही लिहिले आहे. परंतु त्या गदारोळात एका गोष्टीकडे आम्हा पत्रकारांचेही लक्ष गेले नाही. तोफांबरोबर तंत्रज्ञान हस्तांतराचे कागद आले होते आणि ते कित्येक वर्षे पडून राहिले. १९९९ मध्ये द्रास आणि टायगर हिलच्या शिखरांवर त्याच तोफांनी आग ओकली, पण गोळे कमी पडू नयेत म्हणून परदेशांत धावाधाव करावी लागली. जे हाती आहे त्यानिशी लढू, असे तेव्हाच्या लष्करप्रमुखांना जाहीरपणे सांगावे लागले. नाशिकजवळ देवळालीच्या तोफखान्यात नव्या तोफा समारंभपूर्वक दाखल झाल्या, तेव्हा नोव्हेंबर २०१८ उजाडला होता. मधली तीस वर्षे कोठे गेली, याचा जाब कोणत्याही एका पक्षाला विचारून भागणार नाही.

मे २००१ मध्ये अटलजींच्या सरकारने संरक्षण उत्पादन भारतीय खासगी उद्योगांना पूर्णपणे खुले केले. दार उघडले खरे, पण आत जायला फारसे कोणी धजेना. का धजेना, हे उद्योजकांनी समजावून सांगितले तेव्हा मला कळले. गिऱ्हाईक एकच, तेही दहा वर्षे चाचण्या घेणार, आणि शेवटी मागणी नोंदवेल याची शाश्वती नाही. अशा धंद्यात पैसा घालायला छाती लागते. मुंढव्याच्या भारत फोर्जने ती दाखविली. मोटारींचे क्रँकशाफ्ट घडविणाऱ्या या कंपनीने स्वित्झर्लंडमधील तोफनिर्मितीची यंत्रसामग्री विकत घेऊन पुण्यास आणली, तेव्हा हाती एकाही तोफेची मागणी नव्हती.

त्यानंतरची कथा मला विशेष महत्त्वाची वाटते. पाषाणच्या संशोधन संस्थेने, म्हणजे सरकारी शास्त्रज्ञांनी, १५५ मिलिमीटर तोफेचा आराखडा केला आणि भारत फोर्ज व टाटा समूहाने ती घडविली. २०१७ च्या चाचण्यांत तिचा गोळा सत्तेचाळीस किलोमीटरच्या पलीकडे गेला. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणला चाचणी चालू असताना नळी फुटून चार जण जखमी झाले. जुनी सवय असती, तर प्रकल्प गुंडाळून निविदा परदेशी गेली असती. या वेळी दोष शोधला गेला आणि काम पुढे चालले. १५ ऑगस्ट २०२२ रोजी लाल किल्ल्यावरील मानवंदनेत ही तोफ धडाडली आणि मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफा व त्या ओढणाऱ्या वाहनांसाठी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार झाले. येथे पातेही आपले आहे आणि मूठही आपली. पिनाक अग्निबाणाचा आराखडाही पाषाणचाच. त्याच्या दारूगोळ्याचे फेब्रुवारी २०२५ मधील करार नागपूरची खासगी कंपनी आणि पुण्यात मुख्यालय असलेली सरकारी ‘म्युनिशन्स इंडिया’ या दोघींना मिळाले.

आता कडू भाग. जबलपूरला ‘धनुष’ तोफ तयार होत होती, बोफोर्सच्या त्याच पडून राहिलेल्या कागदांवरून. तिच्यासाठी दिल्लीच्या एका पुरवठादाराने जर्मन बेअरिंग म्हणून चिनी बेअरिंग दिल्याच्या आरोपावरून जुलै २०१७ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदविला. बेअरिंगवर शिक्का जर्मनीचा, माल चीनचा, असा तो आरोप. फेब्रुवारी २०२५ मध्ये सैन्याने चारशे ड्रोनचे करार रद्द केले, कारण त्यांत चिनी सुटे भाग होते. स्वदेशीचा टिळा लावून आत परके पाते लपविणारा माणूस हा उघड आयातदारापेक्षा अधिक घातक आहे. आयातदाराकडून काय घेतले ते सैनिकाला निदान ठाऊक तरी असते.

आपल्याच परिवारातील एक मतभेदही झाकून ठेवू नये. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. सरकार आपल्या विचारांचे होते, तरीही भारतीय प्रतिरक्षा मजदूर संघाने या निर्णयाला विरोध केला. त्याच वर्षी या क्षेत्रातील संपावर बंदी घालता येईल असा कायदा झाला. काही कार्यकर्त्यांना हा विरोध अप्रशस्त वाटला. मला वाटला नाही. मंडळाची कामाची पद्धत बदलणे आवश्यक होते, असे माझे मत आहे. पण दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ साली मजदूर संघ स्थापन केला तो सत्तेला सोयीचे बोलण्यासाठी नव्हे.

कामगारांच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथे सोलर समूहाच्या खासगी कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार दगावले. त्यांत सहा महिला होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या सरकारी आयुध निर्माणीत आठ जण गेले. दारूला मालक कळत नाही. सीमेवर पडलेल्या जवानाची अंत्ययात्रा गावातून निघते, आपण रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतो. बाजारगावच्या त्या सहा जणींपैकी एकीचे तरी नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल काय? शस्त्रपूजनात शस्त्राला हळदकुंकू वाहताना ते भरणारा हात आपल्याला आठवत नाही, ही आपली उणीव आहे.

शेवटी आपल्या परिसराविषयी. रांजणगावला गणपतीच्या दर्शनाला येणारा माणूस वाटेत फियाट, एलजी, व्हर्लपूल यांच्या पाट्या पाहतो. त्या पाट्यांमागे शे-दोनशे कामगारांचे, वीस कामगारांचे, कधी दोन यंत्रे नि चार माणसांचे कारखाने आहेत. कुरकुंभला रसायनांचे तसेच. देशात २०२४-२५ मध्ये दीड लाख कोटी रुपयांहून अधिक संरक्षण उत्पादन झाले. त्यात खासगी क्षेत्राचा वाटा सुमारे तेवीस टक्के. या तेवीस टक्क्यांत मोठ्या कंपन्यांची नावे झळकतात, पण त्यांचे कितीतरी सुटे भाग अशाच छोट्या कारखान्यांत घडतात.

परवा एका कारखानदार मित्राकडे गेलो होतो. त्याने तळहातावर एक पोलादी कडे ठेवले आणि म्हणाला, “साहेब, यात केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक पडला, तर माल परत येतो. ते योग्यच आहे. पण पास झालेल्या मालाचे पैसे आठ महिन्यांनी येतात, ते कोणत्या मापात बसते?” ज्या मोठ्या कंपनीला तो माल देतो, तिचे नाव त्याने घेतले नाही, मीही विचारले नाही. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाचे देणे पंचेचाळीस दिवसांत चुकविणे बंधनकारक आहे. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर मिळत नाही, म्हणून तक्रार होत नाही. आठ महिने पैसे अडकलेल्या माणसाला स्वस्त बेअरिंगचा मोह होणारच नाही, असे आपण कशाच्या बळावर धरून चालतो? माझ्या मित्राला तो झालेला नाही. त्याने पत्नीचे दागिने गहाण ठेवून कामगारांचे पगार भागविले. हे त्याच्या संस्कारांचे श्रेय आहे. पण देशाचे संरक्षण एका गृहिणीच्या दागिन्यांवर तोलून धरायचे असेल, तर ती व्यवस्था नव्हे.

मोठ्या कंपन्यांशी संरक्षण मंत्रालय करार करते, तेव्हा खालच्या पुरवठादाराला वेळेत पैसे मिळाल्याचा दाखला आणल्याखेरीज पुढचा हप्ता सोडू नये, एवढी एक मागणी येथील उद्योजकांनी एकत्र येऊन करावी, असे मी सुचवितो. एकट्याने केली तर ऑर्डर जाईल. शिरूर आणि दौंडच्या शंभर जणांनी सह्या केल्या, तर कोणाकोणाची ऑर्डर काढतील?

अध्यक्ष महोदयांनी घड्याळ दाखविले आहे. प्रश्नोत्तरांसाठी चिठ्ठ्या आल्या आहेत; त्यांतील पहिली कुरकुंभच्या एका बांधवाची, रसायनांच्या परवान्याविषयी आहे. ती आधी घेऊ.