भाड्याचा सर्व्हर आणि आपली जबाबदारी

(कोलकाता येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



याच शहरात १९६० च्या दशकात इलॅको हाऊसमध्ये संगणक येऊ नये म्हणून आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी पहारा दिला होता. आज बिधाननगरच्या सेक्टर पाचमध्ये हजारो कामगारांचे पोट संगणकावरच चालते. आमच्या युनियनांच्या सभासद याद्या आणि वर्गणीचे हिशेबही भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे ‘क्लाउड’वर, जाऊ लागले आहेत. त्या भाड्याच्या अटी मात्र आम्ही न वाचताच मान्य करतो.

घाऊक अनाहूत ईमेल पाठवू नये, दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरकाव करू नये, व्हायरस पसरवू नये, हे वापराचे नियम वाजवी आहेत. आमची हरकत आहे ती पुढच्या कलमाला. भंग झाला असे कंपनीला वाटले की पूर्वसूचनेशिवाय सेवा बंद! समजा, संपाच्या आदल्या रात्री दहा हजार सभासदांना एकदम ईमेल गेले आणि कंपनीने ते ‘स्पॅम’ ठरवले, तर यादी, हिशेब, संपर्क सारेच कुलूपबंद. कारखान्यातील स्थायी आदेश प्रमाणित करण्यापूर्वी कामगारांचे म्हणणे ऐकण्याचे बंधन १९४६ च्या कायद्याने घातले. येथे ना आरोपपत्र, ना चौकशी.

इमारत, वीज, यंत्रे कंपनी सांभाळते; पासवर्ड, प्रवेशाचे अधिकार आणि बहुधा माहितीची राखीव प्रतही ग्राहकाने सांभाळायची असते. (पद गेले तरी पासवर्ड खिशात ठेवणारे पदाधिकारी आपल्यातही आहेत!) बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ च्या निर्देशांत स्पष्टच म्हटले, की काम बाहेर दिले तरी बँकेची जबाबदारी कमी होत नाही. प्रत्यक्षात काही बिघडले की ती जबाबदारी घरंगळत रात्रपाळीच्या कंत्राटी कामगाराच्या गळ्यात पडते.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. या नोंदी चौकशीत आरोपी कामगाराला दाखवल्याच पाहिजेत, आणि कोणती किल्ली कोणाकडे हे मालकाने आधीच लेखी दिले पाहिजे. पुढच्या मागणीपत्रात ही दोन कलमे घाला. युनियनच्या यादीची एक प्रत मात्र या आठवड्यातच सर्व्हरबाहेर काढून कार्यालयाच्या कपाटात ठेवा.