कॅमेरा तपासला कोणी?

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या वेळापत्रकात माझा विषय वाचून काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. सकाळी वनहक्क झाले, मग पोटगीचे खटले झाले, आणि आता जेवणानंतर अवकाशातल्या दुर्बिणीचा कॅमेरा! एक जण तर म्हणाली, "ताई, आमच्या गावात मोबाईलला रेंज नाही, अन् तुम्ही आम्हाला सूर्यावर नेऊन राहिल्या." मी काही शास्त्रज्ञ नाही. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली काही वर्षं तुमच्यासारखीच गावोगाव फिरते. पण हा विषय मी हट्टाने मागून घेतला. कारण सांगते.

अवकाश आपल्या जिल्ह्यात एकदा येऊन गेलेलं आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून जळती रेघ गेली आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. व्यास जवळजवळ तीन मीटर. आसपास धातूचे गोळेही सापडले. पुढे इस्रोची माणसं पाहून गेली. चिनी रॉकेटचे ते तुकडे असावेत, असं जाणकारांचं मत पडलं. त्यानंतर कितीतरी दिवस किशोरींच्या बैठकांत तोच विषय होता. आपल्याकडच्या पोरींना अवकाश भेटलं ते असं, वरून पडणारा भंगार माल म्हणून. पुढच्या वर्षी डिसेंबरात वर्तमानपत्रात सूर्याचे फोटो आले, तेव्हा एका मुलीने मला विचारलं, "ताई, हा कॅमेरा माणसानं बनवला का जी, का मशीननं?"

माणसांनी बनवला, आणि त्यामागे आपल्या महाराष्ट्रातलं पुणं आहे. आयुका नावाची खगोलशास्त्राची संस्था आहे, तिच्या पुढाकाराने इस्रोबरोबर हे काम झालं. आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून उडालं. त्यावर सात उपकरणं आहेत, त्यातलं एक ही दुर्बीण. तिचं नाव सूट. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती चालू केली, ६ डिसेंबरला तिने सूर्याची पहिली पूर्ण चित्रं काढली, आणि ६ जानेवारी २०२४ ला यान आपल्या ठरलेल्या जागी पोचलं. ही जागा पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे.

आता तुम्ही म्हणाल, सूर्य तर इथूनही दिसतो, आणि मे महिन्यात चंद्रपुरात नको तितका दिसतो. पण हा कॅमेरा सूर्याचा अतिनील प्रकाश पाहतो. त्यातला बराच भाग आपल्या हवेतला ओझोनचा थर वरच्या वर अडवतो. अडवतो म्हणून आपण जिवंत आहोत, आणि अडवतो म्हणूनच तो पाहायला हवेच्या बाहेर जावं लागतं. कॅमेऱ्याच्या आत फोटो उमटण्याचा एक तुकडा असतो, त्यावर ४०९६ ओळी आणि प्रत्येक ओळीत ४०९६ ठिपके. गुणाकार केला तर १ कोटी ६७ लाखांवर ठिपके होतात. समोर ११ वेगवेगळ्या गाळण्या. एकेका गाळणीतून सूर्याचा एकेक थर दिसतो.

पण मला बोलायचं आहे ते बनवण्याइतकंच तपासण्याबद्दल. असल्या उपकरणाचा निम्मा जन्म तपासणीत जातो. रॉकेट उडताना जो हादरा बसतो तसा हादरा ते आधी जमिनीवर देतात. यंत्राच्या पाटावर उपकरण बांधायचं आणि गदागदा हलवायचं. मग हवा काढून घेतलेल्या मोठ्या पेटीत ठेवायचं, तापवायचं, गारठवायचं, पुन्हा तापवायचं. दर वेळी बाहेर काढून तेच पाहायचं, की चित्र काल होतं तितकंच स्वच्छ आहे का? एखादा स्क्रू केसभर सैल झाला का?

स्वच्छतेचं तर विचारू नका. अतिनील कॅमेऱ्याच्या काचेवर तेलकटपणाचा डोळ्यांना न दिसणारा थर जरी बसला, तरी उन्हात तो काळवंडतो आणि उपकरण हळूहळू आंधळं होतं. म्हणून त्या खोलीत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, मुखपट्टी, हातमोजे. पावडर नाही, अत्तर नाही, काजळ नाही. बाई असो की बुवा, नियम एकच. माणूस हाच तिथे सगळ्यात मोठा कचरा. आयुष्यभर बाईच्याच विटाळाचं ऐकलेल्या आपल्याला हे ऐकून जरा बरं वाटतं, नाही का?

यानाला थंडी-उन्हापासून वाचवायला जे पांघरूण घालतात, ती चक्क गोधडी असते. अगदी पातळ प्लास्टिकचे थर, त्यांवर धातूचा मुलामा, दोन थरांमध्ये जाळी. कापायची, जोडायची, शिवायची, आणि पुष्कळसं काम हातानंच. चंद्रावर गेलेल्या अमेरिकन माणसांचे पोशाखही शिवणयंत्रावर बसणाऱ्या बायांनी शिवले. ती कंपनी मूळची बायकांची अंतर्वस्त्रं करणाऱ्यांची. टाका जरा इकडेतिकडे गेला तर माणूस मरेल, अशी ती शिवण. आपल्याकडे प्रत्येक योजनेत बायकांना शिलाई मशीन देतात. मशीनला माझी हरकत नाही. त्या मशीनवर फक्त परकर आणि पिशव्याच होतील, हे आधीच ठरवून टाकतात, त्याला आहे.

आता मुख्य गोष्ट. १५ लाख किलोमीटरवर काही बिघडलं तर दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही. त्यामुळे तपासणीत जे सुटलं ते कायमचं सुटलं. आणि ते कसं सुटतं, याची एक गोष्ट अमेरिकेत घडलेली आहे.

हबल नावाची दुर्बीण २४ एप्रिल १९९० ला अवकाशात गेली. आरसा २.४ मीटरचा. जगातला सगळ्यात बारकाईने घासलेला आरसा, असा डंका होता. पण चित्रं आली ती अंधुक. शोधाशोध झाली तेव्हा कळलं, आरसा कडेला थोडा जास्त घासला गेला आहे. किती? केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग. चूक घासणाऱ्याची नव्हती. आरसा बरोबर आहे की नाही हे सांगणारं मापाचं उपकरणच चुकीचं जुळवलेलं होतं. त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने सरकलेलं होतं. अंतर मोजायच्या दांड्याच्या टोपणावरचा रंग थोडा उडाला होता, आणि प्रकाश भलत्याच जागेवरून परत आला. एवढंच. चुकीच्या मापाबरहुकूम आरसा अगदी अचूक घासला गेला.

इथवर ही अपघाताची गोष्ट आहे. पुढचं मात्र नीट ऐका. त्याच कारखान्यात आणखी दोन साधी उपकरणं होती. त्यांनी आरशात दोष आहे असं दाखवलं होतं! पण ती साधी, जाडीभरडी, कमी दर्जाची. मोठं उपकरण सांगतं आरसा उत्तम आहे, तर या दोघांचं कोण ऐकणार? त्यांचा पुरावा बाजूला ठेवला गेला. नंतर चौकशी समितीने नोव्हेंबर १९९० च्या अहवालात हे सगळं लिहिलं. हबल साधारण सहाशे किलोमीटरवर होती म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर जाऊन दुरुस्ती करू शकले. दोष भरून काढणारा नवा कॅमेरा बसवला, आणि इतर उपकरणांसाठी चष्म्यासारखी एक जोडणी केली. ही जोडणी बसवणाऱ्या दोघांत एक बाई होती, कॅथरिन थॉर्नटन.

मोठ्या मापाने सांगितलं म्हणून साध्या मापाचं ऐकायचं नाही, हे तुम्हाला कुठे भेटलेलं आहे? मला तर रोज भेटतं. रजिस्टर सांगतं गावात सगळं ठीक आहे, आणि बाई सांगते अंगावरून पांढरं जातं, कंबर मोडते. खरं कोणाचं? १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ६५० बायांची तपासणी केली, तर ९२ टक्के बायांना स्त्रीरोगातला एक ना एक आजार निघाला. आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे आजार होताच. मोजायला कोणी गेलं नव्हतं.

आपल्या गडचिरोलीनेही एक उपकरण बनवलं आहे बरं का. लहान मुलांचा न्यूमोनिया श्वास मोजून ओळखतात. पण गावच्या सुईणीला शंभरापर्यंत मोजता येत नसेल तर? 'सर्च'ने एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या रांगा असं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळाची रांग वेगळी, मोठ्या मुलाची वेगळी. आणि साधन नुसतं केलं नाही, सुईणींच्या हातात ते बरोबर निदान करतं का, हेही पडताळलं. १ कोटी ६७ लाख ठिपक्यांचा कॅमेरा आणि हे मणी, दोन्हींना प्रश्न एकच विचारावा लागतो: ज्याच्या हातात आहे त्याच्या हातात हे खरं बोलतं का?

म्हणून माप कोणाच्या हातात, हा आपला प्रश्न आहे. २०१९ च्या मार्चमध्ये दोन बायकांनी मिळून अवकाशात यानाबाहेर काम करायचं ठरलं होतं. ते ऐनवेळी रद्द झालं, कारण दोघींच्या मापाचे मधल्या आकाराचे दोन पोशाख वापरायला तयार नव्हते. एकच होता. शेवटी ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर बाहेर पडल्या. अब्जावधी डॉलर खर्चणाऱ्यांचं हे, मग आपल्याकडे वनमजूर बाईला तिच्या पायाचे गमबूट मिळत नाहीत याचं नवल काय.

तरी बाया तिथे आहेत. आदित्य-एल१ उडालं तेव्हा प्रकल्प संचालक होत्या निगार शाजी, तमिळनाडूतल्या सेनगोट्टईच्या. डिसेंबर २०२१ मध्ये गेलेल्या वेब दुर्बिणीचा मुख्य कॅमेरा ॲरिझोना विद्यापीठाच्या मार्शिया रीके यांच्या नेतृत्वाखाली झाला. तो दुर्बिणीवर चढवून २०१७ मध्ये ह्यूस्टनला प्रचंड मोठ्या निर्वात पेटीत सुमारे शंभर दिवस तपासला. मधेच ऑगस्टमध्ये चक्रीवादळ आलं, शहर पाण्याखाली गेलं, तरी लोकांनी तिथेच मुक्काम करून चाचणी चालू ठेवली. आणि हबलची आई म्हणतात त्या नॅन्सी रोमन. शाळेत त्यांनी लॅटिन सोडून बीजगणित मागितलं, तेव्हा मार्गदर्शन करणाऱ्या बाईंनीच विचारलं होतं, कुठली भल्या घरची मुलगी गणित घेते? आता नव्या मोठ्या दुर्बिणीला त्यांचं नाव दिलं आहे.

ही नावं ऐकून टाळ्या वाजवाव्यात म्हणून मी सांगत नाही. वर बसलेली एक बाई दाखवली की खालचा प्रश्न मिटला, असं भासवायची सवय आपल्याकडे फार आहे. सूटसारख्या कामात शास्त्रज्ञ असतात, तसे जोडारी, वायरिंग करणारे, यंत्र चालवणारे, नोंदी ठेवणारेही असतात. पदविका झालेले, आयटीआय झालेले. पुण्याच्या मुलीला ते दार दिसतं तरी. आपल्या मुलीला कुठे दिसतं, ते सांगते.

एटापल्लीकडची एक मुलगी, दहावीला चांगले गुण, गणितात तर वर्गात पुढे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. गावात नेटवर्क नाही, म्हणून फॉर्म भरायला भाऊ तालुक्याला गेला. दुकानदाराने विचारलं, कोणती शाखा? भाऊ म्हणाला, पोरगी आहे, आर्ट टाका. वसतिगृह लागेल, खर्च होईल, हे सगळं त्या दोघांनी दोन मिनिटांत ठरवलं. मुलीने फॉर्म पाहिला तो प्रवेश झाल्यावर. ती मला म्हणाली, "ताई, मला विचारलंच नाही जी."

तिच्या फॉर्मची तपासणी कोणीच केली नाही. म्हणून मी आज कागद घेऊन आले आहे. प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या दहावीच्या मुलींची यादी यावर लिहायची. नाव, आवडीचा विषय, आणि तिने स्वतः सांगितलेली शाखा. अर्ज सुरू झाले की गटातली एक बाई मुलीसोबत तालुक्याला जाईल. भरलेला अर्ज पाठवण्याआधी मुलगी तो मोठ्याने वाचेल, आणि मगच बटण दाबायचं. वसतिगृहाचे अर्ज आणि जातीचे दाखले आत्तापासून पाहायचे, जूनमध्ये नाही. विज्ञान नको असेल तर नको, पण तिला विचारून. चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, ब्रह्मपुरीचं आणि गडचिरोलीचं तंत्रनिकेतन, ही नावं मुलींना माहीत आहेत का, तेही विचारा. मी तीन गावांत विचारलं, एकीलाही ठाऊक नव्हतं.

कागद मागून पुढे द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगा, पण आकडा स्वतः मोजा.