थोरल्या भावाचं काय चुकलं?



धर्मशिक्षकांच्या या परिषदेसाठी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आपलं स्वागत. सकाळपासून निम्म्या पाहुण्यांचे फोन आले आणि तक्रार एकच, की रिक्षावाला पत्ता ऐकूनच घेत नाही, ‘रोड नंबर बोला’ म्हणतो. त्याचं काही चुकत नाही. आमच्याकडे रस्ते नंबरानेच ओळखायचे. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. आधी कारखाने आले, मग किसननगर, श्रीनगर, इंदिरानगरात माणसं दाटीने राहू लागली. आता शेड पाडून काचेच्या इमारती उठल्यात. माझंही लेथचं छोटं वर्कशॉप होतं. आठवड्याचे सहा दिवस लेथ आणि रविवारी मिस्सा झाल्यावर मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, असं माझं आयुष्य गेलं. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका, विद्वान मंडळी माझ्या उजव्या हाताला बसली आहेत.

यजमानाने आपल्या मुलखाची थोरवी सांगायची रीत आहे, ती उरकून घेतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे. ते म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. आज सकाळी कल्याण लोकल पकडून आलेल्यांनी मान ताठ करायला हरकत नाही.

पण मला खरा अभिमान वाटतो तो एका पुस्तकाचा, आणि ते आहे गोव्याचं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये वारले तोवर तिथेच राहिले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. रोमन लिपीत, पण मराठीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या. पुराणाची सुरुवात कशी होते ते मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगत असे. गोव्यातल्या साष्टीच्या एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग झालेला असतो. तेव्हा श्रोत्यांतला एक ब्राह्मण उठून पाद्रीबाबांना म्हणतो, की शिकवता ते ठीक, पण आमची जुनी पुराणं आता आमच्याकडे राहिली नाहीत, त्यांच्या जागी आमच्या भाषेत काहीतरी द्या. त्या काळात तिथे काय काय जबरदस्ती झाली हे मी विसरलेलो नाही, आपणही विसरू नये. जुनी पुराणं का राहिली नव्हती, याचं उत्तर त्या जबरदस्तीतच आहे. तरी मास्तर म्हणून मला त्या प्रसंगातलं एक दिसतं. शिकवणारा थांबला, समोरच्याने काय मागितलं ते त्याने ऐकलं आणि उत्तर दिलं ते मागणाऱ्याच्या छंदात. ओवीत.

मला ते जमलं नाही. त्याची गोष्ट सांगतो.

साधारण तीस वर्षांपूर्वीचा एक रविवार. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला चालला होता. धाकटा मुलगा इस्टेटीतला वाटा घेऊन जातो, उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, परत येतो आणि बाप पुष्ट वासरू कापून मेजवानी देतो. मुलं खूश. खिडकीजवळच्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील माझ्याच गाळ्याच्या पलीकडे पॉवर प्रेसवर होते. एका बोटाचं पेर गेलेलं, तरी ओव्हरटाइम चुकवत नसत. मुलगा म्हणाला, “सर, थोरल्या भावाचं काय चुकलं? तो तर रोज शेतात जायचा. त्याला कोणी करडूसुद्धा दिलं नाही.” वर्ग एकदम गप्प. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, “पुढचं वाच.” त्याने वाचलं. त्यानंतर वर्षभर त्याने हात वर केला नाही.

येशूच्या दाखल्यातही थोरल्या भावाचा निकाल लागलेला नाही. बाप अंगणात येऊन त्याची समजूत घालतो आणि गोष्ट तिथेच थांबते. तो आत गेला की नाही, लूक सांगत नाही. म्हणजे प्रश्नाला जागा येशूने ठेवली होती, बुजवली मी.

दुसरी गोष्ट शाळेतली. मिशनच्या पुष्कळ शाळांत एक तास असा असतो, की घंटा झाली की वर्ग दुभंगतो. ख्रिस्ती मुलं ‘कॅटेकिझम’ला एका खोलीत, बाकीची ‘मॉरल सायन्स’ला दुसरीकडे. कायद्याने पाहिलं तर यात वावगं नाही. घटनेचं २८वं कलम सांगतं, की संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नको आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला त्या तासाला बसवायचं नाही. हे कुंपण मला मान्य आहे. दुसऱ्याच्या मुलाला आपली प्रार्थना पाठ करायला लावण्यात कसलं आलंय पुण्य? पण त्याच कलमाचा हवाला देऊन ‘धर्माचं नावच शाळेत नको’ म्हणणाऱ्यांना आठवण करून द्यावी लागते. आपले शंकरराव चव्हाण ज्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते, तिने १९९९ च्या अहवालात सगळ्या धर्मांची मूलतत्त्वं मुलांना कळावीत असं सुचवलं. आणि २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की धर्मांचा अभ्यास ही धर्मशिक्षणाहून वेगळी गोष्ट, तिला मनाई नाही.

मग अडलंय कुठे? चाळीच्या जिन्यात. तिथे दोन्ही खोल्यांतली मुलं पुन्हा एकत्र येतात. किसननगरातली पोरगी आपल्या मैत्रिणीला विचारते, “नाताळ म्हणजे सांताक्लॉजचा वाढदिवस का गं?” “तुम्ही चर्चमध्ये खाता ते काय असतं?” आणि आमची मुलगी, पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी वर्षभर तयारी केलेली, गोंधळते. तिने सगळं पाठ केलंय इंग्रजीत. मैत्रीण विचारतेय मराठीत. घरी आजी मराठीत रोझरी म्हणते, तिला विचारायचं पोरीला सुचत नाही. मैत्रिणीच्या घरी गौरी का येतात, हेही तिला कोणी सांगितलेलं नाही.

मराठीत साहित्य नाही ही सबब मी ऐकून घेणार नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून साध्या बायकांना कळेल असं बायबल मराठीत आणलं. रेव्हरंड टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिलं. विनोबांनी तर ख्रिस्ती नसताना ‘ख्रिस्तधर्मसार’ काढलं. कपाट भरलेलं आहे, किल्ली कुठे ठेवली ते आपण विसरलोय.

म्हणून दोन दिवसांच्या चर्चेत अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्रं हे सगळं जरूर बोला. पण एक गटचर्चा अशी घ्या, की त्या मुलीने जिन्यात उभं राहून दोन मिनिटांत मराठीत काय सांगावं. तिथे शिक्षकांनीच बोलून दाखवावं. मला शंका आहे, आपल्यातल्या निम्म्यांची बोबडी वळेल. माझी तर वळेलच.

व्यवस्थेत उणीव राहिली असेल तर सांभाळून घ्या. जेवण एक वाजता. ईस्ट इंडियन भगिनींनी पहाटे उठून फुगे तळलेत, शाकाहारी पंगत डावीकडे आहे. गाड्यांची व्यवस्था पाहणारा निळ्या शर्टातला चाळिशीचा गृहस्थ म्हणजेच तो खिडकीजवळचा मुलगा. परवा मांडव घालताना त्याने मला पुन्हा विचारलं, “सर, थोरल्याचं काय ठरलं?” मी म्हटलं, परिषदेत मोठमोठी माणसं येणार आहेत, त्यांना विचारू. तेव्हा गाडी काढताना त्याला भेटल्याशिवाय जाऊ नका.

आता उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.