जन्माआधीचं प्रत्यारोपण

परक्या पेशी शरीरात आल्या की आपली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. गर्भातलं बाळ मात्र आपलं-परकं ओळखायला अजून शिकत असतं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रे ओवेन यांनी जुळ्या वासरांचं रक्त तपासलं. गर्भात वारेतून त्यांचं रक्त मिसळलं होतं आणि मोठेपणीही एकाच्या अंगात दुसऱ्याच्या रक्तपेशी सुखाने नांदत होत्या! १९५३ मध्ये पीटर मेडावार आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये प्रयोगाने हेच दाखवून दिलं.

यातूनच जन्माआधी बाळाला रक्तपेशी तयार करणाऱ्या मूलपेशी देण्याची कल्पना पुढे आली. प्रतिकारशक्तीच्या काही जन्मजात विकारांत यश मिळालं. इतर आजारांत मात्र दिलेल्या पेशी टिकेनात. उंदरांवरील संशोधनातून कळलं, की आईकडून गर्भात शिरलेल्या प्रतिकारपेशीच या पेशींना हुसकावतात. मग आईच्याच मूलपेशी दिल्या तर? सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. टिप्पी मॅकेन्झी यांच्या चमूने तोच मार्ग धरला. अल्फा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या गंभीर प्रकारात, आईच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, बारीक सुईने नाळेच्या शिरेत सोडल्या जातात. हा उपचार अजून चाचणीच्या टप्प्यावर आहे.

आपल्याकडे बीटा थॅलेसेमिया अधिक आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. साध्या रक्ततपासणीत वाहक ओळखता येतो. लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला, ही तपासणी जरूर करून घ्या.