वाटेतलं खोकं

(मुलींच्या सुटीतील यंत्रमानव शिबिराच्या समारोपात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मुलींबरोबर त्यांच्या आया आणि आज्याही आल्या आहेत. मघाशी एका आजींनी मला विचारलं, "बाई, हे खेळणं करून पोरींना काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. पण आधी हे खेळणं काय करतं ते सांगते.

पांढऱ्या कागदावर काळी पट्टी चिकटवली आहे. गाडीच्या पोटाखाली, पट्टीच्या दोन बाजूंना येतील असे दोन संवेदक आहेत. ते डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली सोडतात. पांढऱ्यावरून तो परत येतो, काळ्यावरून फारसा येत नाही. डाव्या संवेदकाला काळं लागलं की डावीकडे वळायचं, उजव्याला लागलं की उजवीकडे. एवढ्यावर गाडी रेघ सोडत नाही. एक बाई म्हणाल्या, "अगदी गुणाची पोर!" आपण सगळ्याच हसलो. का हसलो, ते आपल्याला ठाऊक आहे.

मग वाटेत साबणाचं रिकामं खोकं ठेवलं आणि गाडीच्या तोंडाशी ध्वनीचा संवेदक बसवला. आपल्याला ऐकू येत नाही असा आवाज तो सोडतो आणि प्रतिध्वनीला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. आवाज जाऊन परत येतो, म्हणून निम्मा वेळ धरायचा. हा हिशेब आठवीतल्या मुलींनी केला.

खोकं दिसलं की पुढे ढकल, असं त्यांनी आधी लिहिलं. गाडीनं ढकललं. पण खोकं रेघेवरूनच पुढे सरकत राहिलं आणि गाडी ते ओझं रेटत राहिली. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, हे हटवणं नाही, हे वाहणं झालं."

मग पुढे आइसक्रीमच्या दोन काड्या हातांसारख्या लावल्या. नवे नियम लिहिले. खोकं काड्यांत येईपर्यंत पुढे जा. जागच्या जागी उजवीकडे वळ. थोडं मागे ये, खोकं सोड. डावीकडे वळून पुन्हा रेघ धर. सकाळी हे जमलं, संध्याकाळी बिघडलं. वळण्याचा वेळ सेकंदांत ठरवला होता, आणि सेल उतरल्यावर तेवढ्याच वेळात गाडी कमी वळत होती. मग मुलींनी वेळ काढून टाकला आणि लिहिलं, संवेदकाला काळं लागेपर्यंत वळ.

आता दुसऱ्या खोक्याबद्दल बोलते. गेल्या वर्षी हे शिबिर मुलामुलींचं एकत्र होतं. मुलगे संगणकापुढे बसले. मुली पट्टी चिकटवत होत्या आणि सुवाच्य अक्षरात नोंदी लिहीत होत्या. कुणी तसं सांगितलं नव्हतं. माझ्या कॉलेजात प्रॅक्टिकलला हेच चालायचं. जोडणी मुलगे करत, जर्नल मी लिही. परीक्षेत पहिल्यांदा तारा हातात आल्या तेव्हा माझे हात कापत होते, आणि सर म्हणाले, मुलींना हे जमतच नाही.

१९४६ साली अमेरिकेत 'एनिॲक' हा अवाढव्य संगणक जगाला दाखवला गेला. त्याचे प्रोग्रॅम सहा स्त्रियांनी तयार केले होते. त्या समारंभात त्यांची कुणी दखल घेतली नाही. त्यांचा सन्मान व्हायला १९९७ साल उजाडावं लागलं. म्हणजे न जमण्याचा प्रश्न कधीच नव्हता.

म्हणून यंदा आम्ही एक नियम केला. दर २० मिनिटांनी कीबोर्ड पुढच्या मुलीकडे जाणार. जिला येतं तिनं तोंडानं सांगायचं, हात लावायचा नाही. पहिले दोन दिवस काम रखडलं. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येकीच्या हाताला सवय झाली.

तर आजी, मिळालं ते हे. गाडी चुकली तेव्हा पहिल्या दिवशी मुली म्हणत, "मला नाही येत." शेवटी शेवटी म्हणू लागल्या, "नियम चुकलाय, बदलू या." आता घरी आणि शाळेत कीबोर्ड कुणाच्या हाती असतो, तेवढं तुम्ही बघा. शाळेत विचारायला एकटीनं जाऊ नका, चौघीजणी मिळून जा.

आता खोकं तुम्ही ठेवा, आजी. पाहिजे तिथे ठेवा. गाडी तुमची नात सुरू करील.